मातृवंशाचा पुरावा आणि शुद्धतेचा दाखला

१९६२ साली इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांना एक आदेश दिला. बेने इस्रायल समाजातील वधूला किंवा वराला अन्य ज्यू समाजात विवाह करावयाचा असेल, तर तिच्या किंवा त्याच्या आईची, आईच्या आईची आणि जितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत जाता येईल तितक्या मातांची चौकशी करावी, असा त्या आदेशाचा आशय होता. ज्यू धर्मशास्त्रानुसार ज्यूपण आईकडून अपत्याकडे येते. म्हणून चौकशीचा रोख आईच्या बाजूवर होता. ज्यांची चौकशी होणार होती ती माणसे कोकणातून गेलेली होती. त्यांची मातृभाषा मराठी होती, त्यांच्या आडनावांच्या अखेरीस पेण, किहीम, दिवे आगर या परिसरातल्या गावांची ओळख सांगणारा ‘कर’ होता, आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून ‘शनिवार तेली’ याच नावाने शेजारचे गावकरी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत आले होते. चौलच्या किंवा अलिबागच्या आसपास दोन-तीनशे वर्षांपूर्वी संसार करून गेलेल्या खापरपणजीचे कूळ कोणते, या प्रश्नाला जेरुसलेमच्या कचेरीत उत्तर कोणी आणि कसे द्यावयाचे?

या समाजाने त्या आदेशाविरुद्ध निदर्शने केली, धरणे धरले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत आणि त्यांच्यात व इतर ज्यूंत कोणताही भेद करता येणार नाही, अशी भूमिका घेतली. धर्मपीठालाही आदेशातून त्या समाजाचा उल्लेख काढून टाकावा लागला. प्रश्न सुटला तो राजकीय निर्णयाने आणि नैतिक दडपणाने; पुराव्याने नव्हे. कारण त्या काळी तसा पुरावा उपलब्धच नव्हता.

आज तो उपलब्ध आहे असे पुष्कळांना वाटते. आईच्या आईच्या आईची चौकशी आता थुंकीच्या एका थेंबावर होऊ शकते, आणि तशी करून देणाऱ्या व्यापारी कंपन्याही निघाल्या आहेत. म्हणूनच मातृवंशाचे हे शास्त्र नेमके काय सांगते, काय सांगत नाही, आणि जे सांगते त्याच्या आधारे समाजाने कोणते निर्णय घेऊ नयेत, याचा विचार आवश्यक ठरतो.

एकशे सत्तेचाळीस वारा

मानवी पेशीच्या केंद्रकातील गुणसूत्रांमध्ये आई आणि बाप या दोघांचा वाटा निम्मा-निम्मा असतो, आणि प्रत्येक पिढीत त्यांची नव्याने सरमिसळ होते. परंतु केंद्रकाच्या बाहेर, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रिया अर्थात तंतुकणिका असतात, आणि त्यांच्याजवळ स्वतःचा असा छोटासा डीएनए असतो. १९८१ मध्ये केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनी त्याचा संपूर्ण क्रम वाचून काढला. अवघी १६,५६९ अक्षरांची आणि ३७ जनुकांची ही पोथी आहे. तिचे वैशिष्ट्य असे की ती केवळ आईकडून मिळते. शुक्राणूच्या तंतुकणिका फलनानंतर नष्ट केल्या जातात. अंडपेशीतल्या तेवढ्या टिकतात. मुलगा आणि मुलगी या दोघांनाही ती पोथी मिळते. पुढच्या पिढीच्या हाती मात्र फक्त मुलगीच ती देऊ शकते. नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर बदलते, आणि तो बदल पुढच्या सर्व नकलांमध्ये उतरतो. जुन्या हस्तलिखितांच्या प्रतींतील समान चुका पाहून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली हे पाठचिकित्सक ठरवतात. हे शास्त्र त्याच न्यायाने चालते.

१ जानेवारी १९८७ च्या ‘नेचर’ या नियतकालिकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि अॅलन विल्सन या तिघांचा लेख प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर निरुपयोगी म्हणून टाकून दिल्या जाणाऱ्या वारेत हा डीएनए विपुल असतो. पाच भौगोलिक समूहांतील १४७ व्यक्तींचे नमुने त्यांनी तपासले; बहुतेक नमुने अशा वारांतूनच मिळालेले होते. त्यांत डीएनएचे १३३ भिन्न प्रकार आढळले. त्यांची वंशावळ मांडली असता तिच्या दोन मुख्य शाखा निघाल्या: एका शाखेत केवळ आफ्रिकी वंशाच्या व्यक्ती होत्या, आणि दुसरीत काही आफ्रिकी व उरलेले सारे जग. दहा लाख वर्षांत दोन ते चार टक्के बदल होतो असे गृहीत धरून या वंशावळीचे मूळ सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीचे, आणि बहुधा आफ्रिकेतले, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

या निष्कर्षावर टीका झाली, आणि ती होणे योग्यच होते. आफ्रिकी म्हणून धरलेल्या वीस व्यक्तींपैकी अठरा अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय होत्या. संगणकाला माहिती कोणत्या क्रमाने पुरवली यावर वंशावळीचा आकार अवलंबून राहतो, आणि तितक्याच ग्राह्य ठरतील अशा अन्य वंशावळीही मांडता येतात, हे १९९२ मध्ये दाखवून देण्यात आले. तथापि आक्षेपांना उत्तर शब्दांनी न देता अधिक चांगल्या मोजमापाने देणे हा शास्त्राचा मार्ग आहे. डिसेंबर २००० मध्ये जगाच्या विविध भागांतील ५३ व्यक्तींच्या तंतुकणिकांचा संपूर्ण डीएनए वाचून एका संशोधकगटाने तोच निष्कर्ष भक्कम केला. त्यांच्या हिशेबाने हा काळ सुमारे १ लाख ७१ हजार वर्षे आला. आज हा अंदाज साधारणपणे दीड ते दोन लाख वर्षांच्या दरम्यान मानला जातो. पृथ्वीवर आज हयात असलेल्या प्रत्येक माणसाची मातृरेषा मागे मागे जात एकाच स्त्रीशी मिळते, या विधानाविषयी आता गंभीर मतभेद उरलेला नाही.

नावाने केलेला घोटाळा

वृत्तपत्रांनी या स्त्रीला बायबलातील पहिल्या स्त्रीचे, ‘ईव्ह’चे, नाव दिले, आणि या नावाने जितका गैरसमज पसरवला तितका दुसऱ्या कशानेही पसरवला नसेल. ती पहिली स्त्री नव्हती. तिलाही आई होती, आजी होती. ती त्या काळातील एकमेव स्त्रीही नव्हती. तिच्याबरोबर हजारो स्त्रिया नांदत होत्या आणि त्यांचाही वारसा आजच्या माणसांच्या गुणसूत्रांत आहे. फक्त त्यांची अखंड मातृरेषा, म्हणजे लेकीकडून लेकीकडे जाणारा धागा, कोठे ना कोठे तुटला. ज्या स्त्रीला केवळ मुलगे झाले तिच्यापाशी हा धागा संपतो. तिचे नातू-पणतू भरभराटीला आले तरी संपतो. एखाद्या गावात शंभर आडनावे असावीत, दर पिढीत काही घरांत मुलगा होऊ नये, आणि काही शतकांनी गावात दोन-चारच आडनावे उरावीत, तसाच हा प्रकार आहे. फक्त येथे मुलाच्या जागी मुलगी घालावयाची. उरलेले एक आडनाव हे सर्वांत पराक्रमी घराण्याचे असते असे नाही. ते केवळ उरलेले असते.

याहून महत्त्वाची गोष्ट साध्या अंकगणिताची आहे. प्रत्येकाला दोन पालक, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. अशा रीतीने दहा पिढ्या मागे गेले की पूर्वजांच्या जागा १,०२४ होतात, त्यांपैकी ५१२ स्त्रियांच्या. मातृरेषेची चाचणी या ५१२ पैकी फक्त एकीविषयी बोलते. उरलेल्या ५११ पूर्वजा आणि सर्वच्या सर्व ५१२ पूर्वज यांच्याविषयी ती अवाक्षर काढीत नाही. वीस पिढ्या मागे गेल्यास जागांची संख्या दहा लाखांवर जाते, आणि चाचणीचे बोट मात्र एकाच जागेवर राहते. ज्याला आपल्या ‘मूळा’चा शोध घ्यावयाचा आहे त्याने या एका धाग्याला संपूर्ण वस्त्र समजणे म्हणजे गावातील एका घराच्या जमाखर्चावरून राष्ट्रीय उत्पन्न ठरवण्यासारखे आहे.

मातृरेषेचाच आग्रह सोडला आणि आई-बापाच्या सर्व रेषा हिशेबात घेतल्या, तर सर्व मानवांचा समाईक पूर्वज लाखो वर्षे मागे शोधण्याचे कारणही उरत नाही. २००४ मध्ये ‘नेचर’मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका गणिती प्रतिमानाने असा पूर्वज अवघ्या काही हजार वर्षांपूर्वी होऊन गेला असावा असे दाखवले. म्हणजे मानवजातीचे परस्परांशी असलेले नाते ‘ईव्ह’च्या कथेपेक्षा कितीतरी अधिक निकटचे आहे.

चाचणी असती तर?

आता पुन्हा कोकणातील त्या समाजाकडे वळावे. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांच्यापासून हा समाज वाढला. २००८ मध्ये विविध ज्यू समाजांच्या मातृवंशांचा जो अभ्यास झाला त्यात या समाजातील मातृरेषांचा फार मोठा भाग थोड्याच मूळ स्त्रियांपर्यंत पोहोचतो असे दिसले, आणि त्यांतील प्रमुख रेषा भारतीय शाखांच्या निघाल्या. २०१६ मध्ये केंद्रकातील गुणसूत्रांचा सविस्तर अभ्यास झाला. मध्यपूर्वेतील ज्यू आणि स्थानिक भारतीय या दोहोंचा भरीव वाटा या समाजाच्या रक्तात आहे, ही सरमिसळ सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाली, आणि ज्यू वाटा अधिककरून पुरुषांकडून तर स्थानिक वाटा अधिककरून स्त्रियांकडून आला, असा त्याचा निष्कर्ष आहे.

परंपरेचा एक भाग या अभ्यासाने उचलून धरला: दूर पश्चिमेशी असलेले नाते खरे ठरले. दुसऱ्या भागाला, सात जोडप्यांच्या कथेला, त्याने तसा दुजोरा दिला नाही. शास्त्र येथवर आपले काम चोख करते. परंतु १९६२ मध्ये ही चाचणी त्या अधिकाऱ्यांच्या हाती असती तर काय झाले असते, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे. मातृरेषेच्या निकषावर त्या समाजातील कितीतरी मुली ‘अनुत्तीर्ण’ ठरल्या असत्या. आणि आदेशाला विज्ञानाची मोहोर मिळाल्यावर त्याविरुद्ध धरणे धरणाऱ्यांचे कोणी ऐकले असते, याची खात्री देता येत नाही.

तो निकाल अन्यायाचा झाला असता, आणि तो का, हे नीट समजून घेतले पाहिजे. जी कोकणी स्त्री केव्हातरी त्या घरात आली, तिने शनिवारचे व्रत स्वीकारले, खाण्यापिण्याचे निर्बंध पाळले, मुलग्यांच्या सुंतेचा आठवा दिवस चुकवला नाही आणि आपल्या लेकी-सुनांना ते सारे शिकवले, तिच्याच निष्ठेमुळे तो समाज परक्या भूमीत शतकानुशतके टिकला. पोथ्या नव्हत्या, धर्मगुरू नव्हते. होती ती घरातली बाई. तिची ही कामगिरी तंतुकणिकेत कोठेही लिहिलेली नाही. चाचणीत दिसते ते फक्त तिचे माहेर. तिने सासरी काय उभे केले ते दिसत नाही. ज्यू धर्मशास्त्रालाही धर्मांतराची वाट मान्य आहे. परंतु अंडपेशीला धर्मांतर ठाऊक नसते. धर्म, भाषा, संस्कृती आणि नागरिकत्व या आचरणाने आणि स्वीकाराने येणाऱ्या गोष्टी आहेत. त्यांचा दाखला डीएनएकडे मागणे म्हणजे चुकीच्या खिडकीपुढे रांग लावणे होय. हा धोका केवळ कल्पनेतला आहे असेही नाही. माजी सोव्हिएत संघातून इस्रायलमध्ये आलेल्या काही व्यक्तींना ज्यूपण सिद्ध करण्यासाठी जनुकीय चाचणी सुचवली गेल्यावरून २०१९ मध्ये तेथे मोठे वादळ उठले होते.

आज्यांनी मागितलेला पुरावा

याच शास्त्राचा एक वेगळा उपयोग अर्जेंटिनाने जगाला दाखवला. १९७६ ते १९८३ या काळात तेथे लष्करी हुकूमशाही होती. हजारो नागरिकांना उचलून नेण्यात आले आणि ते पुन्हा दिसले नाहीत. त्यांत गर्भवती स्त्रिया होत्या. बंदिवासात जन्मलेली त्यांची मुले, तसेच आई-बापांबरोबर पकडलेली तान्ही बाळे, परस्पर दुसऱ्यांच्या, कित्येकदा लष्करी अधिकाऱ्यांच्याच, घरी देण्यात आली. अशा मुलांची संख्या सुमारे पाचशे असावी असे मानले जाते. १९७७ मध्ये या मुलांच्या आज्यांनी ब्वेनोस आयरेसच्या मे चौकात येऊन आपली संघटना उभारली. त्यांचा शास्त्रज्ञांना प्रश्न होता: आई-बाप दोघेही नाहीसे झालेले असताना नातवाचे नाते आजीच्या रक्तावरून सिद्ध करता येईल काय?

१९८४ मध्ये तेथे गेलेल्या शास्त्रज्ञांमध्ये मेरी-क्लेअर किंग होत्या. त्या अॅलन विल्सन यांच्याच विद्यार्थिनी. तंतुकणिकेचा डीएनए आईच्या आईकडून नातवंडाकडे जसाच्या तसा जातो. मधली पिढी हयात नसली तरी चालते. मातृरेषेतील एखादी मावशी किंवा मामा सापडला तरी पुरते. या गुणधर्माचा त्यांनी उपयोग केला. १९८७ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी बर्कलीचा लेख प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, अर्जेंटिनाने कायदा करून राष्ट्रीय जनुकीय माहितीपेढी स्थापन केली. २०२५ पर्यंत या प्रयत्नांतून १४० नातवंडांची खरी ओळख पटली होती.

जेरुसलेमची कचेरी आणि मे चौक या दोन ठिकाणी प्रश्न वरवर एकच होता: तुझी आई कोण, तिची आई कोण? फरक होता तो प्रश्न कोणी विचारला आणि कशासाठी विचारला यात. एकीकडे सत्तेने तो नागरिकाला विचारला, त्याला बाहेर ठेवता यावे म्हणून. दुसरीकडे नागरिकांनी तो सत्तेला विचारला, हिरावलेले मूल घरी यावे म्हणून. साधन तेच राहते; त्याचा नैतिक अर्थ हातानुसार बदलतो.

भारतीय प्रश्न

भारतात हा विषय निघाला की तो जातीपाशी येऊन थांबतो, आणि ते स्वाभाविक आहे. गेल्या दोन दशकांतील संशोधनाने काही गोष्टी पुरेशा स्पष्ट केल्या आहेत. आफ्रिकेतून बाहेर पडलेल्या मानवांच्या मातृशाखांपैकी ‘एम’ ही शाखा भारतात सर्वाधिक आढळते, आणि तिचे प्राचीन फाटे आदिवासी समूहांत तसेच उच्च व कनिष्ठ मानलेल्या जातींत सामाईकपणे दिसतात. त्यांचे प्रमाण प्रदेशानुसार व समाजानुसार कमीअधिक होते; परंतु एखाद्या जातीची म्हणून वेगळी आदिमाता दाखवता येत नाही. हैदराबाद येथील पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांचा सहभाग असलेल्या २००९ व २०१३ मधील अभ्यासांनी असे दाखवले की आजचे बहुतेक सर्व भारतीय समूह किमान दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून बनले आहेत. हे मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात मोठ्या प्रमाणावर झाले, आणि त्यानंतर सजातीय विवाहाच्या बंधनाने ते आटत गेले. म्हणजे आधी मिसळणे आणि मग कुंपण, असा हा इतिहास आहे. कुंपणाच्या आत जे आहे ते सर्वत्र मिश्रणच आहे.

येथे एका जुन्या निबंधाची आठवण होणे अपरिहार्य आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे एक तरुण विद्यार्थी भीमराव आंबेडकर यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. भारतातील लोक वांशिकदृष्ट्या संमिश्र आहेत हे त्यांनी आरंभीच मांडले. जातीचे सार वंशभेदात नसून जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनात आहे, आणि ते बंधन टिकवण्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढींची साखळी स्त्रीच्या पायात पडली, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रयोगशाळेने जे नव्वद वर्षांनंतर मोजले त्याची यंत्रणा त्यांनी केवळ सामाजिक विश्लेषणाने उलगडली होती. जातीच्या शुद्धतेची किंमत नेहमी स्त्रीने मोजली. आणि त्या शुद्धतेचा डोलारा पोकळ असल्याची साक्षही आज स्त्रीकडूनच वारशाने आलेला रेणू देत आहे.

मोजमापाच्या शास्त्राचा दुरुपयोग कसा होतो, हे महाराष्ट्रातील एका विदुषीने फार जवळून पाहिले होते. १९२०च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला ऑइगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवट्यांच्या असममितीवर संशोधन करीत होत्या. फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताचे मोठे पुरस्कर्ते. कवटीच्या असममितीचा वंशाशी संबंध जोडता येत नाही, असा निष्कर्ष कर्वे यांनी प्रामाणिकपणे नोंदवला. पुढे त्याच फिशर यांची विद्या नाझी राजवटीच्या कामी आली. कवट्यांच्या जागी आता डीएनए आला आहे; प्रलोभन मात्र तेच आहे. २०१९ मध्ये हरियाणातील राखीगढी येथील उत्खननातून मिळालेल्या एका स्त्रीच्या अवशेषांचा डीएनए वाचण्यात आला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा या कामात मोलाचा वाटा होता. साठाहून अधिक अस्थिनमुने तपासल्यावर एकाच नमुन्यातून वाचण्याजोगा डीएनए हाती लागला, हे त्या परिश्रमाचे मोल. परंतु साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या एका स्त्रीच्या खांद्यावर दोन्ही बाजूंच्या प्रचारकांनी आपापल्या इतिहासाचे सारे ओझे लादले. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्गातील विद्यार्थीही एका नमुन्यावरून इतके मोठे निष्कर्ष काढण्यास धजणार नाही.

बाजारातील वंशावळ

मातृवंशाच्या चाचणीला आता बाजारभाव आहे. २००६ मध्ये स्थापन झालेल्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकी कंपनीकडे सुमारे दीड कोटी ग्राहकांनी आपले नमुने सोपवले होते. २०२३ मध्ये त्यांपैकी सुमारे ६९ लाख व्यक्तींची माहिती चोरीला गेली, आणि चोरांनी ती ज्यू व चिनी वंशाच्या ग्राहकांच्या याद्या करून विकायला काढली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि दीड कोटी माणसांच्या जनुकांची नोंद ही दिवाळखोराची मालमत्ता म्हणून विक्रीस निघाली.

अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, म्हणजे दोघांच्या व्यवहाराचा भार तिसऱ्यावर पडणे, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. एका बहिणीने चाचणी केली की तिच्या सर्व भावंडांची, आईची, मावश्यांची आणि मावसभावंडांची मातृरेषा उघड होते. त्यांनी पैसे दिलेले नसतात, संमती दिलेली नसते, आणि कित्येकदा त्यांना पत्ताही नसतो. अशा वस्तूची किंमत बाजार योग्य रीतीने ठरवू शकत नाही. तेथे कायद्याची गरज असते. भारतात डीएनए तंत्रज्ञानाच्या वापराचे नियमन करण्यासाठी २०१९ मध्ये आणलेले विधेयक जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. जेथे नावावरून भाड्याचे घर नाकारले जाते आणि आडनावावरून माणसाची किंमत ठरते, तेथे जनुकीय माहितीचे रक्षण हा चैनीचा विषय नाही. रोजगार, विमा, विवाहनोंदणी, शाळाप्रवेश आणि नागरिकत्व यांपैकी कोणत्याही कारणासाठी वंशमूळाची चाचणी मागता येणार नाही, हे कायद्याने स्वच्छ शब्दांत सांगितले पाहिजे. हरवलेले मूल शोधणे, अनोळखी मृतदेहाची ओळख पटवणे, आनुवंशिक रोगाचे निदान करणे, ही या शास्त्राची मानाची कामे आहेत आणि ती त्याने निर्वेध करावीत.

समता पुराव्याची आश्रित नाही

सर्व मानव एका मातेची लेकरे आहेत, या शोधाने अनेक सहृदय माणसांना आनंद झाला, आणि तो आनंद रास्त आहे. परंतु त्याच्या जोरावर समतेचा पाया घालू पाहणे धोक्याचे आहे. उद्या एखाद्या नव्या मोजमापाने काही समूहांच्या मातृरेषा अधिक प्राचीन काळी वेगळ्या झाल्या असे दाखवले, तर त्या समूहांचे हक्क कमी होणार काय? आफ्रिकेबाहेरील आजच्या माणसांत निअँडरथल मानवाचा थोडासा अंश आहे, हे २०१० मध्ये सिद्ध झाले. त्यामुळे कोणाची प्रतिष्ठा वाढली नाही की घटली नाही. भारतीय संविधानाने नागरिकांना समानता दिली ती त्यांची रक्ततपासणी करून नव्हे. ती एक प्रतिज्ञा आहे; प्रयोगशाळेतला निष्कर्ष नव्हे. म्हणूनच ती कोणत्याही निष्कर्षाने रद्द होत नाही.

मग या शोधाचा सामान्य माणसाला उपयोग काय? एक उपयोग निश्चित आहे. महाराष्ट्रात कुलवृत्तांत प्रसिद्ध करण्याची मोठी परंपरा आहे. त्या जाडजूड ग्रंथांत बापाखाली मुलगा आणि त्याखाली नातू अशी रेषा शतकांमागून शतके बिनचूक उतरत जाते. स्त्री मात्र सून म्हणून येते, बहुधा सासरी बदललेल्या नावाने, आणि लेक म्हणून निघून जाते ती दुसऱ्या कुळाच्या ग्रंथात एक ओळ होण्यासाठी. चार पिढ्यांपूर्वीच्या आपल्या आईच्या आईच्या आईच्या आईचे माहेरचे नाव किती वाचकांना सांगता येईल? माणसाने कागदावर ठेवली नाही ती नोंद निसर्गाने प्रत्येक पेशीत दीड-दोन लाख वर्षे सांभाळली, हा या शास्त्राचा खरा उपरोध आहे. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने शासकीय कागदपत्रांत आईच्या नावाचा समावेश बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. उशिरा का होईना, वहीत एक रकाना वाढला.

तो रकाना भरण्यासाठी थुंकीचा नमुना अमेरिकेला पाठवावा लागत नाही. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीपाशी घटकाभर बसून तिच्या आईचे आणि आजीचे नाव, गाव आणि त्यांनी उपसलेले कष्ट विचारून लिहून ठेवले, तरी पुरे. जेरुसलेमच्या त्या अधिकाऱ्याने विचारला तोच हा प्रश्न आहे. पण तो दाखल्यासाठी विचारायचा नाही, ऋण मान्य करण्यासाठी विचारायचा आहे.